पोट्टं भाजीच खाऊन नाही राहिलं, काय करू?

उन्हाळी_चिवळ (२९ नोव्हेंबर, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढून राहिली, सांभाळून घ्या.

लेक साडेपाच वर्षांचा, केजी टूमध्ये. तीन वर्षांचा होईस्तोवर जे वाढलं ते खायचा, वांगं म्हणू नका, पालक म्हणू नका, आणि मी मैत्रिणींसमोर भाव खायची की आमच्याकडे बाई काही नखरे नाहीत. आता बघा, फक्त वरणभात, दही, पोळी-साखर आणि आलूची भाजी, तीही बिनासांभाराची (सांभार म्हणजे आपली कोथिंबीर). पोह्यातल्या सांभाराचं एकेक पान चिमटीनं काढतो आणि ताटाच्या काठावर लायनीत लावतो, पंधरा मिनिटं तेच काम, तोवर पोहे थंडगार. मागच्या आठवड्यात डोकं चालवलं आणि पालक मिक्सरमधून काढून पराठ्यात घातला, हिरवा दिसू नये म्हणून वरून थोडं बीट, रंग कसातरीच आला ते सोडा. तर ह्यानं तुकडा मोडला, उभा राहिला, ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला आणि म्हणतो "आई, तू यात काहीतरी टाकलं." झालं, तेव्हापासून पराठा बंद. आता साधी पोळी पण उजेडात धरून पाहतो!

सासूबाई म्हणतात मोबाईल लावून दे, लक्ष नसलं की भरवता येते. नवरा म्हणतो भूक लागली की खाईल झक मारून. मी रोज रात्री पावणेनऊ ते साडेनऊ वाटी घेऊन मागे मागे. जेवण नाही, महाभारत असतं आमच्याकडे. डब्याचं तर बोलूच नका, जसा जातो तसा परत येतो. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

तर्रीपोहे (१०.२०)

ट्यूबलाइटसमोर, हाहाहा. ताई, पोट्टा मोठा होऊन फूड इन्स्पेक्टर होते पहा.

महालकर (१०.४१)

आमच्या वेळी हे प्रकार नव्हते. आम्ही पाच भावंडं, ताटात पडलं ते खायचं, नाहीतर उठायचं. वडील नुसते बघायचे. दोन दिवस काही देऊ नका, तिसऱ्या दिवशी कारलं पण खाईल. लाड झाले, दुसरं काही नाही.

उन्हाळी_चिवळ (१०.४८)

काका, एकदा रात्री उपाशी झोपवलं होतं. तो झोपला, मीच रात्रभर जागी होती.

वडाभात (११.०५)

भाजी तशीच, रूप बदलून पाहा. माझी पोरगी भेंडीची रस्सा भाजी बघून पळायची, चिकट लागते म्हणे. आता भेंडी धुऊन कपड्यानं अगदी कोरडी पुसते, उभे पातळ काप, बेसन-तांदळाचं पीठ भुरभुरून तव्यावर कुरकुरीत. साधी परतली तरी झाकण ठेवत नाही आणि शेवटी आमचूर टाकते, तार सुटत नाही. पानकोबीचं पण तसंच, जास्त शिजवली की तो उग्र वास सुटतो आणि पोरं नाक दाबतात, त्यांचं काही चुकत नाही. मोठ्या आचेवर पाच मिनिटं, करकरीत राहिली पाहिजे.

आणि पंगतीतली डाळभाजी करून पाहिली का? पालक, थोडा आंबट चुका, भिजवलेली चण्याची डाळ, फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि खोबऱ्याचे काप. माझी आधी फक्त फल्लीदाणे वेचून खायची, मी काही बोलली नाही. दाण्याला भाजी लागलेलीच असते ना जी.

सांभारवडी मुद्दामच नाही सांगत, तुमचा लेक आतलं सारण बघून चक्कर येऊन पडेल. शिवाय तळलेली, रोज कुठे करता.

आहारवाली_धरमपेठ (३० नोव्हेंबर, सकाळी ७.५०)

माझं कामच हे आहे, रोज अशा तीन-चार आया भेटतात, म्हणून जरा लांब लिहिते.

चिवळताई, आधी हे डोक्यातून काढा की तुमचं काही चुकलं. साधारण दोन ते सहा या वयात मुलं नव्या आणि हिरव्या गोष्टींना घाबरतात, आधी खायचे तेही सोडतात. मूल चालायला लागलं, हाताला येईल ते तोंडात घालायला लागलं की ही भीती कामाची असते, जंगलात कडू पान म्हणजे विषाची शंका. तुमचं पोरगं त्या हिशोबानं शहाणं आहे.

दुसरं, नवी चव पटायला आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते, कधी जास्तही. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळेला जाहीर करून टाकतो की "याला वांगं आवडत नाही", तेही त्याच्यासमोर, पाहुण्यांसमोर. मग त्याची तीच ओळख होऊन बसते. आणि समोर येणं म्हणजे वाटीभर नाही, नखाएवढा तुकडा. चाटून ठेवला तरी मोजा. नुसता हात लावला तरी मोजा.

तिसरी गोष्ट पटायला सगळ्यात जड. एलिन सॅटर म्हणून अमेरिकन आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी कामाची वाटणी सांगितली. काय करायचं, किती वाजता वाढायचं, कुठे बसायचं हे आईबापानं ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. तुम्ही त्याचं काम पण करून राहिल्या, म्हणून थकता.

पालक लपवण्याबद्दल: पौष्टिक म्हणून हरकत नाही, पण लपवलेला पालक खाऊन मूल पालक खायला शिकत नाही, त्याला तर माहीतच नाही पालक खाल्ला. आणि सापडला की पराठ्यावरचाही विश्वास गेला. पुढच्या वेळी त्याच्यासमोर कणीक हिरवी करा, त्यालाच टाकू द्या.

आता एक विचारते, दूध किती पितो?

महालकर (८.३०)

अमेरिकेतल्या बाईंना आमच्या घरचं काय माहीत.

तर्रीपोहे (८.३४)

काका, आलू पण तिकडूनच आला, तो तर आवडीनं खाता.

उन्हाळी_चिवळ (९.१५)

आहारवाली ताई, वाचताना रडू आलं खरंच. दूध... सकाळी एक ग्लास, शाळेतून आल्यावर एक, आणि रात्री काही खाल्लं नाही म्हणून झोपताना मोठा ग्लास चॉकलेटची पावडर टाकून. आत्ता मोजून पाहिलं, पाऊण लिटर होते.

आहारवाली_धरमपेठ (९.४०)

सापडलं. या वयात दिवसाला अर्धा लिटरच्या आत पुरे. साडेसात-आठला भूक नसते कारण पोट दुधानं भरलेलं, आणि त्याला पक्कं माहीत आहे की भाजी टाळली की शेवटी चॉकलेटचं दूध येतेच. जास्त दुधानं लोह पण कमी पडते, दुधात लोह नाहीच्या बरोबर आणि ते जेवणाची जागा घेते. आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमध्ये ६७ जणांना रक्तक्षय निघाला. झोपतानाचा ग्लास आधी बंद करा. तीन दिवस गोंधळ घालेल, घालू द्या.

हो, पालेभाजीवर लिंबू पिळायला विसरू नका. भाजीतलं लोह एकटं असलं तर अंगी कमी लागते, लिंबाच्या सी व्हिटॅमिननं ते ओढून घेतलं जाते. गॅस बंद केल्यावर पिळा.

हिंगणारोड (दुपारी १.१०)

बापाच्या बाजूनं लिहितो, इकडे सगळ्या आयाच दिसून राहिल्या.

माझी सात वर्षांची. तिला मी बुधवार बाजारात घेऊन जातो, हातात वीस रुपये द्यायचे आणि सांगायचं की यात तुला जे पाहिजे ते घे, फक्त भाजी पाहिजे. भाजीवाल्या मावशीशी तीच बोलते. पहिल्यांदा वीस रुपयांचा नुसता सांभार घेऊन आली, एवढा मोठा जुडगा, घरी बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते विचारू नका. पावसाळ्यात एकदा काटवलं (करटुली) घेऊन आली, वीस रुपयात मोजून चार! हातात धरून काट्यावरून बोट फिरवत होती सारखी, घरापर्यंत पिशवीत टाकू दिली नाहीत. ती चार काटवलं चार जणांना एकेक अशी वाढली गेली आणि तिनं तिचं खाल्लं, कारण "माझ्या पैशाची" होती. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आणली तर नाही खाल्ली, ते पण सांगतो, उगा फुशारकी नाही मारत.

पुण्यात_नागपूरकर (१.५५)

काटवल वाचून जीव कासावीस झाला. इथे मंडईत "सांभार द्या" म्हटलं तर मला सांबार मसाल्याचं पाकीट दाखवलं होतं. कोहळं, म्हणजे आपला लाल भोपळा, मागितलं तर पांढरं पेठ्याचं काढून दिलं. लवकी (दुधी), बरबटी (चवळीच्या शेंगा), ढेमसं (टिंडा), एकही शब्द चालत नाही. लहानपणी मी पण वांग्याला हात लावायचो नाही, पण शेतावर रोडग्यांचा कार्यक्रम असला की गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेला रोडगा, वरून तुपाची धार, आणि मोठ्या गंजातली वांग्याची भाजी पत्रावळीवर, दोनदा मागून घ्यायचो. घरी तेच वांगं नाही. आई म्हणायची मेल्या, तिथलं वांगं काय आकाशातून पडते का.

वडाभात (२.०३)

विषय भरकटवू नका भाऊ. पण हो, चार पोट्टे सोबत बसले की खातात हे खरं आहे. माझ्या पोरीनं मुळा पहिल्यांदा शेजारच्या पोराचं बघून खाल्ला.

कडूबाळ (४.२०)

मी कोणाची आई नाही, बाप नाही. मी तो पोट्टा आहे.

वय ३४. सहा वर्षांचा असताना घरात शिक्षा म्हणून कारल्याची भाजी संपवेपर्यंत उठू दिलं नव्हतं. चार वाजले. शेवटी गिळली आणि मोरीत जाऊन ओकलो. आज पण बायको कारलं करते त्या दिवशी मी घरात उशिरा येतो. माझा भाऊ त्याच पंगतीत बसून तेच कारलं मिटक्या मारत खायचा, आणि सगळे म्हणायचे बघ तो खातो. महालकर काका, राग नका मानू, पण "तिसऱ्या दिवशी कारलं खाईल" वाचून पोटात कालवलं.

आहारवाली_धरमपेठ (५.०५)

तुमचा भाऊ आणि तुम्ही एकच कारलं खात नव्हता असं समजा. १९३१ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या हातून एक पावडर उडाली. शेजारचा माणूस ओरडला, केवढी कडू आहे, आणि फॉक्सला चवच लागेना. नंतर कळलं की हे जन्मानंच येते, काही लोकांच्या जिभेला काही प्रकारचा कडूपणा फार जोरात लागतो, काहींना लागतच नाही. पानकोबी, फुलकोबी, मोहरीचा पाला यांच्यातला कडवटपणा त्याच जातीचा. कारल्याचं कडू वेगळं, पण माणसामाणसाच्या जिभेत फरक असतो एवढं लक्षात ठेवा. म्हणून "दादा खातो मग तू काहून नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

हिंगणारोड (५.३०)

आणि लालूच? "दोन घास भाजी खा मग चॉकलेट" हे आमच्याकडे चालते सध्या.

आहारवाली_धरमपेठ (५.४२)

त्यात पोरगी शिकते की भाजी म्हणजे सजा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस. द्यायचं तर स्टिकर द्या, तेही नुसतं चाखल्याबद्दल.

नववा_महिना (६.१५)

मला आठवा संपून नववा लागला. आत्तापासून काही करता येते का, की हसाल मला?

आहारवाली_धरमपेठ (६.५०)

हसायचं काय त्यात. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटर या चव-वासाच्या संशोधन संस्थेचा २००१ चा अभ्यास आहे, काही बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला, काहींना बाळ अंगावर पीत असताना, काहींना नुसतं पाणी. बाळं वरचं खायला लागली तेव्हा गाजराच्या चवीच्या पेजेला पहिल्या दोन गटांतल्या बाळांनी कमी तोंडं वाकडी केली. तुम्ही खाता त्याची चव गर्भजलात उतरते, दुधातही उतरते. तेव्हा मेथी, पालक, लसूण, सगळं खा बिनधास्त.

प्रतापनगरची_आजी (१ डिसेंबर, सकाळी ६.०५)

नातवाच्या फोनवरून लिहिते आहे, चुका झाल्या तर समजून घ्या. मी सगळं वाचलं, सगळ्यांचं बरोबरच आहे पण एक कोणी म्हटलं नाही, की पोरांना भाजी फक्त ताटातच दिसते, शिजलेली, तेल सुटलेली, आमच्याकडे ती आधी मांडीवर यायची. संध्याकाळी सुपात मेथी घेऊन बसलं की पोरं आपोआप येऊन बसायची, कोणी पानं खुडायचं कोणी दांड्यांशी खेळायचं, वाटाणे सोलायला बसवलं तर पाव किलोचे सोले भांड्यात आणि पाव किलो पोटात, आई ओरडायची पण थांबवायची नाही, आता मला कळते का थांबवायची नाही ते. आता सगळं सोलून चिरून पाकिटात येते. चिवळ बेटा, सध्या तुरीच्या शेंगा आल्या की नाही बाजारात, किलोभर आण, मीठ टाकून उकड, मोठ्या परातीत मध्ये ठेव आणि तू अन तुझा नवरा खात बसा, त्याला बोलवू नको. बोलवायचंच नाही. आणि हो तुझा नवरा काय काय खातो ते पण सांग.

उन्हाळी_चिवळ (१.२०)

आजी, पकडलंत. नवरा ढेमसं खात नाही, लवकी खात नाही, दोडकी खात नाही, पडवळाचं तर नाव काढलं तरी उठतो. सासूबाई त्याच्यासाठी वेगळं बेसन करतात. म्हणजे लहान्याच्या समोर रोज एक मोठा माणूस भाजी बाजूला सारून राहिला आणि त्याला गरम गरम दुसरं मिळून राहिलं. माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर्रीपोहे (१.२५)

जिजाजींना पण धागा वाचायला द्या.

उन्हाळी_चिवळ (१६ डिसेंबर, रात्री ९.५०)

अपडेट द्यायला आली. झोपतानाचं दूध बंद, पहिले दोन दिवस एवढा रडला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आता साडेसातला स्वतःच विचारतो जेवायला काय.

आजींचं ऐकलं. शेंगा उकडल्या, परात घेऊन आम्ही दोघं खाली बसलो, टीव्ही बंद. तो सोफ्यावरून बघत होता. पाच मिनिटं. मग आला, एक शेंग उचलली, दातात धरून ओढता येईना, बाबांनी दाखवलं कसं ओढायचं. पहिला दाणा टपकन उडून सोफ्याखाली गेला. त्यालाच हसू आलं, मग खास उडवायला म्हणून शेंगा घेऊन राहिला, चार उडवायच्या एक खायची. सोफ्याखाली अजून दाणे सापडून राहिले मला. पण खाल्ल्या, मोजून अकरा शेंगा.

तुरीचे दाणे भाजीत धरायचे का? सासूबाई म्हणतात ती तर डाळच झाली.

आहारवाली_धरमपेठ (१०.१५)

ओले दाणे आहेत, धरा बिनधास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब दोन ते पाच वर्षांच्या मुलांना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला २५० ग्रॅम, सहा ते नऊच्या मुलांना ३५०. त्यात धरत नाहीत तो आलू. म्हणजे संत्र्यांच्या या दिवसात निम्मं काम तर आपलं नागपूरच करून टाकते.

वडाभात (१०.३०)

खिडकीत मेथी लावून बघा आता, ट्रेमध्ये माती आणि मूठभर दाणे. थंडीत पण चार-पाच दिवसांत वर येते, पोरांचा धीर तेवढाच असतो.

महालकर (१०.४४)

शेंगांची आयडिया चांगली आहे. माझा नातू पण काही खात नाही. (हे सुनेला सांगू नका की मी इथे विचारलं.)

उन्हाळी_चिवळ (२६ फेब्रुवारी, रात्री ९.३०)

लोकहो, धागा वर काढते. मधल्या काळात सगळं छान झालं असं अजिबात नाही. जानेवारीत ताप आला होता तेव्हा आठ दिवस पुन्हा वरणभात. मेथी त्यानं लावली, रोज पाणी घातलं, जरा जास्तच घातलं, निम्मी सडली. उरलेल्यातलं एक पान मोठ्या ऐटीत तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं, "कडू आहे, आजीला दे." आजीनं खाल्लं बिचारीनं.

पालक अजून नाही. वांगं नाही. गाजर, मुळा कच्चा, वाटाणे, कुरकुरीत भेंडी आणि डाळभाजीतले फल्लीदाणे (भाजी लागलेले!) एवढं जमलं. वाटी घेऊन मागे फिरणं मी सोडलं, हे माझ्यासाठी जास्त मोठं आहे खरं तर, माझं जेवण आता गरम असते.

आज सकाळी पोहे केले, सांभार नेहमीसारखा मूठभर घातला. तो उठल्यावर ताटाचा काठ पाहिला तर लायनीत सात पानं. सातच. बाकीची कुठे गेली मी विचारलं नाही.

आणि रात्रीचा किस्सा, ज्यासाठी खास लिहायला बसली. बाजारात नवीन ढेमसं आलं म्हणून भरून केलं, सासूबाईंना हातापाया पडून सांगितलं की बेसन करू नका आज. नवऱ्यानं एक फोड चाखली, काही बोलला नाही, दुसरी हळूच ताटाच्या कडेला सरकवली. पोट्टा बघून राहिला होता. त्यानं बाबांच्या ताटात हात घातला, ती फोड उचलून काठावर नीट सरळ ठेवली आणि म्हणाला, "बाबा, इथं नाही, अशी लायनीत लावा."

तर्रीपोहे (९.३४)

मेलो. जिजाजींना नमस्कार सांगा.

वडाभात (९.४०)

भरल्या ढेमशात फल्लीचा कूट किती घातला? बिया काढल्या होत्या का? कोवळं नसलं की बियाच दाताखाली येतात, जिजाजींचा दोष नसेल कदाचित.

उन्हाळी_चिवळ (९.५२)

नव्हत्या काढल्या. उद्या काढून पाहते.